कुलपती येथे आहेत काय?

‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात मृगाचा पाठलाग करीत दुष्यंत आश्रमाच्या सीमेवर येतो. तपस्वी त्याला अडवतात. हा कण्वांचा आश्रम आहे, असे सांगतात. तेव्हा राजा विचारतो, कुलपती येथे आहेत काय? उत्तर मिळते, नाहीत. अतिथींच्या सत्काराचे काम कन्येवर सोपवून ते सोमतीर्थाला गेले आहेत. पुढचे सारे नाटक या अनुपस्थितीतून घडते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. कुलपती आश्रमात असते, तर ती भेट, तो विवाह आणि तो शाप यांची कथा वेगळी झाली असती.

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे खारघर रेल्वेस्थानकालगतचे गाव. नवी मुंबई त्याच्या भोवती वाढत गेली, आणि आज त्याच्या पत्त्यावर भारती विद्यापीठाचे शैक्षणिक संकुल उभे आहे. गेल्या पावसाळ्यात या परिसरातील काही विद्यार्थ्यांबरोबर आम्ही ‘शाकुंतल’ वाचत होतो. वरील प्रश्नाशी येताच एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, मग आपले कुलपती कोण?’’ एकाने उत्तर दिले, राज्यपाल. दुसरा म्हणाला, तुमचे असतील, आमचे नाहीत. दोघांचेही बरोबर होते. पहिला मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकत होता, दुसरा अभिमत विद्यापीठात. बेलपाड्याच्या त्या एकाच संकुलात मुंबई विद्यापीठाची संलग्नता घेऊन सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि अभिमत विद्यापीठाचा भाग असलेले दंतवैद्यक महाविद्यालयही आहे. एका विद्यापीठाचा कुलपती त्या त्या वेळी राज्यपालपदावर असेल तो; दुसऱ्याचा, संस्था नेमील तो. त्या विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा होता : यांपैकी कोणाला आपण निवडले? आणि ते करतात काय? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आमच्या ध्यानात जे आले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. कुलपती हा शब्द आपल्या परंपरेत जुना आहे. दहा सहस्र शिष्यांचे अन्नदानाने पोषण करून जो त्यांस शिकवतो तो कुलपती, अशी त्याची परंपरागत व्याख्या आहे. महाभारताच्या आरंभी नैमिषारण्यात बारा वर्षांचे सत्र चालवणारा शौनक हाही कुलपतीच. आणि त्या ठिकाणी त्याचे काम बोलण्याचे नसून सूताकडून ऐकण्याचे आहे. म्हणजे पोषण, अध्यापन आणि श्रवण ही या पदाची तीन लक्षणे. अधिकार गाजवणे हे त्यांत नाही. इंग्रजी ‘चॅन्सलर’ या शब्दाचे कूळ निराळे आहे. न्यायसभेत न्यायाधीश आणि लोक यांच्यामध्ये असणाऱ्या जाळीला लॅटिनमध्ये ‘कान्केली’ म्हणत. त्या जाळीपाशी बसणारा तो ‘कान्केलारियुस’. पुढे तो राजाचा लेखनिक आणि मुद्राधारी झाला. आपण भाषांतर केले तेव्हा शब्द आश्रमातला घेतला. पद मात्र दरबारातलेच राहिले. मराठीने चॅन्सलरला कुलपती आणि व्हाइस-चॅन्सलरला कुलगुरू म्हटले. हिंदीत व्हाइस-चॅन्सलरच कुलपती झाला आणि चॅन्सलर झाला कुलाधिपती. राजस्थानात २०२५ मध्ये कायदा करून ‘कुलपति’ऐवजी ‘कुलगुरु’ हे नाव स्वीकारण्यात आले. मराठीने ही निवड फार आधी केली होती, याचा आनंद मानावयास हरकत नाही. परंतु ‘गुरू’ योग्य ठिकाणी बसवल्यावर ‘पती’चे काय करायचे, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

ते पद आपल्याकडे आले १८५७ साली. त्या वर्षी १८ जुलैस मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. उत्तरेत उठाव पेटला त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने परीक्षा घ्याव्यात, पदव्या द्याव्यात. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे. मुंबईच्या कायद्याने ठरवून टाकले की जो मुंबईचा गव्हर्नर, तोच विद्यापीठाचा चॅन्सलर. त्यानुसार लॉर्ड एल्फिन्स्टन पहिले चॅन्सलर झाले. कुलगुरूही सरकारनेच नेमावयाचा होता. पहिले कुलगुरू सर विल्यम यार्डली हे सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. खुद्द इंग्लंडात जुन्या विद्यापीठांची रीत वेगळी होती. ऑक्सफर्डमध्ये चॅन्सलर हा मुळात बिशपचा अधिकारी. परंतु लवकरच तेथील अध्यापक त्याची निवड स्वतः करू लागले, आणि २०२४ मध्येही विल्यम हेग यांना तेथील पदवीधर आणि अध्यापक यांच्या मतदानानेच ते पद मिळाले. वसाहतीतील विद्यापीठास मात्र चॅन्सलर निवडण्याचा विश्वास दाखवला गेला नाही. ज्याच्या हाती सैन्य आणि महसूल, त्याच्याच हाती पदवी. हे त्या काळच्या राज्यकर्त्यांस स्वाभाविक वाटले असणार.

१८६२ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक ही ती नावे. त्या वर्षी गव्हर्नर, आणि म्हणून कुलपती, होते सर बार्टल फ्रियर. याच फ्रियर यांच्या कारकीर्दीत पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नरांसाठी प्रासाद बांधावयास घेतला गेला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले, ते त्याच प्रासादात. ज्या वास्तूत कुलपती गव्हर्नर म्हणून राहत होते, तीच विद्यापीठाला मिळाली. गव्हर्नर घर सोडून गेला. पद सोडून गेला नाही.

राज्यकर्ता आणि कुलपती ही एकच व्यक्ती असली की विद्यार्थ्याच्या नजरेत काय घडते, याची साक्ष इतिहासात आहे. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन महाविद्यालयास भेट देण्यास आले असता, तेथील विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे याने वाचनालयात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास हिने बंगालचे गव्हर्नर आणि विद्यापीठाचे कुलपती स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेही बचावले. या कृत्यांचे समर्थन वा निषेध करणे हा येथे आमचा हेतू नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, पुण्यात गोगटे ज्या विद्यापीठाचा विद्यार्थी होता त्याचे कुलपतिपद गव्हर्नरांच्या अधिकारात अंतर्भूत होते. त्याला समोर दिसला तो गव्हर्नर. कुलपती तेथे कोणालाच दिसला नाही. ‘शाकुंतला’तला राजा आश्रमात शिरण्यापूर्वी धनुष्य आणि अलंकार सारथ्याच्या स्वाधीन करतो, कारण तपोवनात विनीत वेषानेच जावयाचे असते. वसाहतीच्या गव्हर्नरास तसा विनीत वेष उपलब्धच नव्हता.

मग दुसरा कुलपती शक्य होता काय? होता, आणि तो आपल्याच भूमीत झाला. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. सरकारने ते काढले नव्हते. म्हणून गव्हर्नर आपोआप कुलपती होण्याचे कारण नव्हते. संस्थेने कुलपती म्हणून निवडले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना आणि कुलगुरू म्हणून प्राचार्य र. पु. परांजपे यांना. भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पुढे १८९३ ते १८९५ या काळात ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि ऐंशीच्या घरात असताना ते स्त्रियांसाठी, मातृभाषेतून शिकवणाऱ्या एका नव्या विद्यापीठाचे कुलपती झाले. ज्याने गव्हर्नर कुलपती असलेल्या विद्यापीठाची पदवी घेतली, तोच अर्धशतकानंतर कुलपती म्हणून उभा राहिला. आमच्या मते मराठी विद्याजीवनात ‘कुलपती’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आला तो येथे.

याची किंमतही द्यावी लागली, हे सांगितले पाहिजे. ‘गृहीतागमा’ ही तेथील पदवी घेणाऱ्या स्त्रियांस सरकारदरबारी तिची मान्यता मिळत नव्हती. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. तरी कायद्याची मान्यता यावयास १९५१ साल उजाडावे लागले. आज तेही इतर सार्वजनिक विद्यापीठांच्याच कायद्याखाली आहे, आणि त्याचेही कुलपती राज्यपालच आहेत. मान्यता मिळाली, स्वतःचा कुलपती गेला. हा व्यवहार अपरिहार्य होता काय, असे आम्ही विचारतो.

स्वातंत्र्यानंतर आपण विद्यापीठांचे कायदे वारंवार नव्याने लिहिले. मुंबई विद्यापीठासाठी १९५३ आणि १९७४ चे कायदे आले. मग सर्व विद्यापीठांसाठी १९९४ चा, आणि आता २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम. अधिसभा, विद्वत्सभा, व्यवस्थापन परिषद यांची रचना पुनःपुन्हा बदलली. १८५७ च्या कायद्यातले एक कलम मात्र जणू कोणी हलवूच नये असे ठेवले गेले : राज्याचा प्रमुख तो विद्यापीठाचा प्रमुख. गव्हर्नरचा राज्यपाल झाला एवढाच फरक. पण तोही लहान फरक नाही. राज्यपाल म्हणून त्यांनी सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावयाचे असते. कुलपती म्हणून त्यांनी स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावयाचा असतो. एकाच व्यक्तीने सकाळी एका टोपीखाली आणि दुपारी दुसऱ्या टोपीखाली बसावयाचे, अशी ही योजना आहे.

कुलपतिपद हे केवळ शोभेचे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. झूल पांघरून वर्षातून एकदा दीक्षान्त मिरवणुकीच्या अखेरीस येणारे पद, असा. हा समज अर्धा खरा आहे. २०१६ च्या अधिनियमानुसार शोधसमिती नावांची यादी कुलपतींकडे पाठवते आणि त्यांतून कुलगुरूची नेमणूक कुलपती करतात. समितीचा अध्यक्षही त्यांनीच नेमलेला असतो. कुलगुरूस दूर करण्याचा अधिकारही त्यांचाच. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली आणि लाखो विद्यार्थ्यांचे निकाल रखडले. तेव्हाचे कुलपती चे. विद्यासागर राव यांनी निकालांसाठी ३१ जुलैची मुदत घातली. ती पाळली गेली नाही. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. शोभेच्या पदाला हे करता येत नाही. म्हणजे हे पद वर्षभर अदृश्य असते आणि दोन क्षणी सर्वाधिकारी असते : नेमताना आणि काढताना. मधल्या काळात, जेव्हा अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, ग्रंथालयांची खरेदी थांबते, संशोधक शिष्यवृत्तीची वाट पाहत बसतो, तेव्हा कुलपती सोमतीर्थाला गेलेले असतात.

डिसेंबर २०२१ मध्ये या पदाविषयी विधिमंडळात मोठे वादंग झाले. महाविकास आघाडीच्या सरकारने असे दुरुस्ती विधेयक संमत करून घेतले की, शोधसमितीने नावे शासनाकडे द्यावीत, शासनाने त्यांतील दोन कुलपतींकडे पाठवावीत आणि त्यांपैकी एक त्यांनी निवडावे; शिवाय उच्च व तंत्रशिक्षणमंत्री हे प्र-कुलपती व्हावेत. राज्यपालांची संमती त्यास मिळाली नाही, आणि २०२२ मधील सत्ताबदलानंतर नव्या सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी एका पक्षाने विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा कैवार घेतला, दुसऱ्याने लोकनियुक्त सरकारच्या अधिकाराचा. दोघांच्याही वाक्यांत विद्यापीठ हे कर्म होते, कर्ता कधीच नव्हते. कोणत्या सत्ताधाऱ्याने विद्यापीठाचे प्रमुखपद सांभाळावे, एवढाच वाद होता. सत्ताधाऱ्याने ते का सांभाळावे, असे सभागृहात ठासून विचारणारा आवाज आमच्या कानी आला नाही. केंद्र-राज्य संबंधांविषयीच्या पुंछी आयोगाने २०१० मध्येच सुचवले होते की, संविधानाने न सांगितलेली कुलपतिपदासारखी कामे राज्यपालांवर लादू नयेत. पश्चिम बंगालने २०२२ मध्ये राज्यपालांऐवजी मुख्यमंत्र्यांना कुलपती करणारे विधेयक संमत केले. हा त्या शिफारशीचा अर्थ नव्हे. केरळने त्याच वर्षी केरळ कलामंडलम् या अभिमत विद्यापीठाच्या कुलपतिपदावर राज्यपालांऐवजी नर्तकी मल्लिका साराभाई यांची नेमणूक केली; हा अर्थ अधिक जवळचा, जरी नेमणूक तेथेही सरकारचीच होती.

राज्यपालांच्या बाजूने एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, आणि तो हलका नाही. मंत्री आणि त्यांचे कार्यकर्ते यांच्यापासून विद्यापीठाला दूर ठेवणारा कोणीतरी वरचा, त्रयस्थ माणूस हवा. निवडणुकीने कुलपती ठरवला तर अधिसभेच्या निवडणुकीत जे पक्षीय राजकारण दिसते तेच या पदाला चिकटेल. मुंबई विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांची २०२३ मध्ये होऊ घातलेली निवडणूक लांबत लांबत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, आणि ती पक्षांच्या संघटनांमध्येच लढली गेली, हे आम्हांस नाकारता येत नाही. तरी त्रयस्थपणाची ही अपेक्षा पदाच्या आजच्या रचनेत पुरी होत नाही. राज्यपालाची नेमणूक केंद्रातील सरकारच्या सल्ल्याने होते. मुंबई आणि दिल्ली येथे एकाच पक्षाचे सरकार असेल तेव्हा तो त्रयस्थ उरत नाही, आणि भिन्न पक्षांचे असेल तेव्हा विद्यापीठ रणांगण होते. दुसरे टोक खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे. तेथे कुलपतीस पुरस्कर्ती संस्था नेमते. पुष्कळ ठिकाणी ते स्वतः संस्थापक असतात, किंवा त्यांच्या घरातले. संस्थापकाने कष्टाने उभे केलेल्या वास्तूत त्याचा मान असावा, यात गैर काही नाही. परंतु तेथे ‘पती’ या शब्दाचा अर्थ मालक असा होण्याचा धोका आहे, आणि मालकाला कूळ नसते, नोकर असतात.

म्हणून आमचे म्हणणे असे. आज या एका पदात दोन वेगळी कामे कोंबलेली आहेत. ती वेगळी करावीत. कुलगुरू नेमणे आणि त्याला जाब विचारणे हे एक काम. त्याला नियम हवेत, मुदती हव्यात, लेखी कारणे हवीत. ते अध्यापकांचे आणि विद्याशाखांचे पुरेसे प्रतिनिधित्व असलेल्या एका वैधानिक मंडळाकडे द्यावे, आणि त्या मंडळाने आपला निर्णय कारणांसह प्रसिद्ध करावा. २०१७ सारखी वेळ आली तर हस्तक्षेप करणारा कोणी असलाच पाहिजे. पण तो हस्तक्षेप मंडळाचा असावा, एका व्यक्तीच्या मर्जीचा नसावा. दुसरे काम मानाचे : पदवी देणे, विद्यापीठाच्या वतीने समाजाशी बोलणे, आणि शौनकाप्रमाणे ऐकणे. हे काम ज्याने त्या विद्यापीठात किंवा त्या भाषेत आयुष्य घालवले अशा व्यक्तीस द्यावे. अध्यापक, विद्यार्थी आणि पदवीधर यांच्या संमतीने द्यावे. आणि तिच्या हाती नेमणुकीचा कोणताही अधिकार नसावा. अधिकार नसला की पक्षांना त्या निवडणुकीत रस उरणार नाही. भांडारकरांना १९१६ मध्ये जो मान मिळाला तो असा होता. मग समारंभप्रमुख खरोखर समारंभाचाच राहील, आणि समारंभाला पुन्हा काही अर्थ येईल.

हे कायद्याच्या कक्षेतले काम आहे, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की शब्दांचा हिशेब ठेवणे हे आपलेच काम आहे. जेव्हा एखादा शब्द पोषण सोडून सत्तेकडे जातो, आणि कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा तो हिशेब चुकलेला असतो.

‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात कुलपती परत येतात. नाटकात त्यांचे खरे काम तेव्हा सुरू होते. आश्रमातून निघालेल्या मुलीला ते निरोप देतात, सासरी कसे वागावे ते सांगतात, आणि आपण वनवासी असूनही आपले मन कसे कातर झाले आहे हे लपवीत नाहीत. दीक्षान्त भाषण म्हणतात ते हेच. ते देण्याचा अधिकार कण्वांना कोणत्या कलमाने आलेला नाही; तिला वाढवल्यामुळे आला आहे. बेलपाड्यातील त्या विद्यार्थिनीची पदवी आता एक वर्षावर आली आहे. तिच्या प्रमाणपत्रावर सही कुलगुरूंची असेल, आणि ज्यांना ती कधी भेटली नाही अशा कोणाच्या तरी अध्यक्षतेखाली समारंभ होईल. कुलपती येथे आहेत काय, या तिच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर तपस्व्यांच्या उत्तराहून फारसे वेगळे नव्हते. फरक इतकाच की, कण्व परत येणार आहेत हे तपस्व्यांस ठाऊक होते.